आधी सळई बघा, मग समुद्र

प्रश्न : ताई, शहराला लागून असलेल्या एका किनाऱ्याजवळच्या गावात आम्हाला भाड्यानं घर मिळतंय. दोन खोल्या, गच्ची, अंगणात विहीर, आणि गच्चीवरून समुद्र दिसतो. मालकांनी नुकताच रंग काढलाय. नवरा रोज शहरात कामाला जाणार; सासूबाईंना दमा आहे. करार करण्याआधी काय पाहावं?

उत्तर : नव्या रंगानंच मला काळजी वाटली. खाऱ्या वाऱ्यातून मिठाचे कण येतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की ते ओल धरून विरघळतात. हे खारं पाणी स्लॅबमध्ये मुरत सळईपर्यंत पोचलं, की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. वरून गिलावा मारून, रंग लावून हे थांबत नाही. छज्जा आणि गच्चीचा स्लॅब खालून नीट बघा. सळईच्या रेषेत तडा किंवा तांबूस डाग दिसला, ठोकल्यावर आवाज बद्द आला, तर ते घर सोडा. समुद्रापासून थोडं आत, झाडांच्या आडोशाला घर मिळालं तर मी तेच घेईन. तिथं मीठ बरंच कमी पोचतं.

विहिरीबद्दल मालकांना नको, शेजारणींना विचारा. किनाऱ्यालगत जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. त्याची पातळी समुद्राहून १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उपसा वाढून वरची पातळी उतरली, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढू लागतं. म्हणून पावसानंतर गोड लागणारं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होऊ शकतं. चाखून तर बघाच, पण प्रयोगशाळेतूनही तपासून घ्या. शौचालयाची टाकी विहिरीजवळ असेल तर ते पाणी पिऊ नका.

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमाराला, ऐन भरतीच्या वेळी एकदा तिथं जा. उधाणात गटारं समुद्राकडे वाहायची थांबतात आणि पाणी मागे तुंबतं. त्यातच जोराचा पाऊस आला तर ते कुठवर चढतं, हे शेजारच्या भिंतीवरची रेघ सांगेल.

सासूबाईंच्या खोलीतलं कपाट सरकवून मागची भिंत बघा. कपाटामागे बुरशी असेल, तर बाकी सगळं पसंत असूनही नाही म्हणा. बुरशीनं दमा बळावतो, आणि त्या दिवसभर त्याच खोलीत असणार. समोरासमोर दोन खिडक्या असलेली खोली त्यांना द्या.

करारात गळती, गंजलेली ग्रिलं आणि पंप यांची दुरुस्ती कुणी करायची ते एकेक नाव घालून लिहून घ्या. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची’ एवढ्यावर सही करू नका. ताबा घेताना भिंतींचे फोटो काढा आणि दोघांच्या सह्यांनिशी कराराला जोडा. अनामत परत मागताना ते कामी येतील.

नवऱ्याला मात्र कामाच्या दिवशी, शेवटच्या गाडीनं एकदा परत येऊन बघायला सांगा.