जुन्या गाडीचा थकलेला रस्ता कर कोणी भरायचा?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका गृहस्थांकडून बेळगावात नोंदलेली (केए-22) जुनी मोटार घेतली आणि पूर्ण रक्कम दिली. ते चार वर्षांपासून ही गाडी कोल्हापुरातच वापरत होते. आता आरटीओ महाराष्ट्राचा कर व्याजासह मागत आहे. कर्नाटकात आजीवन कर भरला असल्याने तो देशभर चालतो, असे विक्रेते म्हणतात. त्यांच्या काळातील कर मी का भरावा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : विक्रेत्यांचे म्हणणे चुकीचे आहे. वाहनांवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय असल्यामुळे ‘आजीवन’ कर भरला, तरी तो त्या राज्यापुरताच असतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 47 नुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो विक्रेत्यांनीच वेळेत घ्यायला हवा होता.

असे असले, तरी आरटीओ आपल्याकडे कर मागू शकते. कर थकलेला असताना गाडी विकली गेली, तर महाराष्ट्राच्या मोटार वाहन कर कायद्यानुसार नवा मालकही त्या थकबाकीला जबाबदार ठरतो. जुना मालक मात्र त्यामुळे सुटत नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने हे कठोर आहे, हे मला मान्य आहे. पण आपसातला सौदा शासनावर बंधनकारक नसतो.

व्याज वाढू न देता कर भरावा, पावती जपून ठेवावी आणि त्यानंतर विक्रेत्यांना वकिलामार्फत नोटीस द्यावी. ‘विक्रीच्या तारखेपर्यंतची सर्व देणी विक्रेत्याची’ असे कलम विक्री करारात असेल, तर दिवाणी न्यायालयात आपली बाजू भक्कम राहील. गाडी व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतली असती, तर ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असता. आकारणी मात्र तपासून घ्यावी, कारण परराज्यातून आलेल्या गाडीचा एकरकमी कर तिच्या वयानुसार कमी होतो.

बेळगावच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म 28) हाती आल्याशिवाय इथली नोंदणी होणार नाही, आणि त्यासाठीच्या अर्जावर नोंदणीकृत मालकाची सही लागते. म्हणून वाद चिघळण्यापूर्वी ती मिळवावी. इथे नोंदणी झाल्यावर कर्नाटकातील उर्वरित कराचा परतावा मागता येतो. ती रक्कम कोणाची, हे विक्रेत्यांकडून आताच लेखी ठरवून घ्यावे. थकलेल्या कराचा काही भार त्यातूनच हलका होऊ शकेल.