अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या पशुपालकांना कोळसा आणि वायूमुळे फायदा झाला की तोटा?

प्रश्नाखाली आपण जोडलेले वाक्य, "ज्यांच्या रँचखाली वायू सापडला ते तर कोट्यधीशच झाले असतील", वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. बहुतेक जण झाले नाहीत. 1916 च्या स्टॉक-रेझिंग होमस्टेड कायद्याने वसाहतदार कुटुंबांना प्रत्येकी 640 एकरांपर्यंत चराऊ जमीन दिली, पण तिच्याखालची खनिजे केंद्र सरकारने स्वतःकडे राखून ठेवली. पुढे त्याच सरकारने ती खनिजे कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिली. स्वामित्वधन (रॉयल्टी) सरकारात जमा होते आणि त्यातला जवळपास अर्धा वाटा राज्याला मिळतो. जमिनीवर गुरे चारणाऱ्याच्या हाती पडते ती रस्ते, पाइप आणि विहिरींच्या जागेची नुकसानभरपाई. तीही वायोमिंगमध्ये 2005 च्या कायद्यापर्यंत बऱ्याच अंशी कंपनीच्या मर्जीवर असे, आणि त्या कायद्यानंतरही मालकाला 'नाही' म्हणता येत नाही. बोलणी फिसकटली तर कंपनी तारण, म्हणजे भरपाईच्या हमीची रक्कम, भरून आत येऊ शकते.

कोळशाचा इतिहास थोडक्यात सांगतो. पावडर रिव्हर खोऱ्यात जिलेट गावाजवळ 1920 च्या दशकापासून खाण होती, परंतु खरी धावपळ 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर सुरू झाली, कारण इथल्या कोळशात गंधक कमी आहे आणि वीस-तीस मीटर जाडीचे थर पृष्ठभागापासून फार खोल नाहीत. 1971 मध्ये या भागात 42 वीज प्रकल्प उभारण्याचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा वायोमिंग आणि शेजारच्या मोंटाना राज्यातले पशुपालक संघटित झाले. 1977 मध्ये खाणीनंतर जमीन पूर्ववत करण्याचा जो केंद्रीय कायदा झाला, त्यामागे या माणसांचा मोठा रेटा होता. आपल्याकडे त्यांना कोणी ओळखत नाही, याचे मला वाईट वाटते. 2008 मध्ये वायोमिंगने 46 कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. ही तेजी टिकली नाही: 2016 च्या मार्चअखेरीस दोन मोठ्या खाणींनी एकाच दिवशी साडेचारशेहून अधिक कामगारांना घरी पाठवले.

वायूबद्दल मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण त्यात माझा हात आहे. कोळशाच्या थरातला मिथेन पाण्याच्या दाबाने धरलेला असतो, त्यामुळे वायू हवा असेल तर आधी पाणी उपसावे लागते. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून दहाएक वर्षांत या खोऱ्यात वीस हजारांहून अधिक विहिरी खोदल्या गेल्या, आणि तो बहुतेक उपसा ओढ्यानाल्यांत आणि तळ्यांत सोडण्यात आला. मी तेव्हा शेरिडनजवळ एका सल्लागार कंपनीत पाण्याचे नमुने घेण्याचे काम करीत होतो. 2002 मध्ये सत्तरीच्या एका रँचवाल्याच्या तळ्यावर गेलो. निळ्या पाइपातून मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी दगडांच्या राशीवर पडत होते. कोरड्या प्रदेशातल्या माणसाला फुकट पाणी मिळाल्यावर जो आनंद होतो, तो त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, हे ओढ्याकाठच्या चाऱ्याच्या शेताला दिले तर चालेल ना?" मी सांगितले की गुरे हे पाणी निर्धास्त पिऊ शकतील. अहवालाच्या नमुन्यातही तेवढाच रकाना होता, 'पशुधनास योग्य', आणि त्यात मी 'होय' लिहिले. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

हे मला कळायला हवे होते, कारण मी अकोल्याच्या खारपाण पट्ट्यातला आहे. आमच्या विहिरीचे पाणी वावराला द्यायचे नाही, हे वडिलांनी मला अक्षरओळख होण्याच्या आधी शिकवले होते. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम जास्त असले की ते चिकणमातीच्या कणांवरचे कॅल्शियम हुसकावून लावते, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते: ओली असताना लोण्यासारखी, वाळली की फरशीसारखी. कोळशातले पाणी नेमके सोडियम बायकार्बोनेटचे असते. सोडियमचे हे प्रमाण सांगणारा एसएआरचा आकडा माझ्याच तक्त्यात होता. माझे तेव्हाचे वरिष्ठ, तेही मराठीच, म्हणाले, "विचारले आहे तेवढेच लिहायचे." मी तेवढेच लिहिले.

2005 मध्ये ती नोकरी सोडल्यावर मी स्वतःहून त्या रँचवर गेलो. चाऱ्याच्या शेतातला लसूणघास गेला होता आणि त्याच्या जागी कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे असलेले रानगवत माजले होते, ज्याची कुसळे गुरांच्या हिरड्यांत रुततात. ओढ्याकाठची जुनी कॉटनवूडची झाडे बारमाही पाण्यात उभी राहून वाळली होती. घरची पिढीजात विहीर मात्र आटत चालली होती, कारण तिचे पाणीही त्याच कोळशाच्या थरातून येत असे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी काचेचे दोन ग्लास मागितले आणि पावसाचे पाणी घालून एकात टेकडावरच्या मातीचे ढेकूळ सोडले, दुसऱ्यात शेतातल्या. पहिले विस्कटून तळाशी बसले आणि पाणी नितळ राहिले. दुसऱ्याभोवती धुरासारखे वलय फिरू लागले आणि पाच मिनिटांत ग्लास ताकासारखा झाला. ते गृहस्थ बराच वेळ त्या ग्लासाकडे पाहत राहिले आणि नंतर त्यांनी मला कॉफी विचारली. ती घेताना मला फार जड गेले.

नंतर 2008-09 च्या सुमारास वायूचे भाव कोसळले, छोट्या कंपन्या बुडाल्या आणि हजारो विहिरी बेवारस राहिल्या. विहिरी बुजवण्याच्या हमीपोटी कंपन्यांनी भरलेली तारणे इतकी तुटपुंजी होती की ते काम राज्याच्या गळ्यात पडले.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही नोंदवतो, नाहीतर अन्याय होईल. 1909 आणि 1910 च्या कायद्यांखाली वाटलेल्या जमिनींत सरकारने फक्त कोळसा राखला होता. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, या राखलेल्या कोळशात वायू धरता येणार नाही, असा निकाल दिला. त्यामुळे काही कुटुंबे खरोखरच श्रीमंत झाली. सगळ्याच विहिरींचे पाणी वाईट नव्हते. खोऱ्याच्या आग्नेय भागात ते बरेच बरे होते, आणि दुष्काळात त्या तळ्यांवर गुरे जगवलेले लोक आजही कंपन्यांना दुवा देतात. राज्यात आयकर नाही आणि शाळांच्या इमारती कोळशाच्या पैशातून उभ्या राहिल्या आहेत. तेव्हा फायदा की तोटा हे ज्याच्या त्याच्या खरेदीखतावर आणि मातीवर अवलंबून आहे.

आपल्या ओळखीत कोणाला असे उपशाचे पाणी देऊ केले जात असेल, तर त्यांनी पाण्याबरोबर मातीही तपासून घ्यावी, आणि तपासणाऱ्याला शेताबद्दलचा प्रश्न लेखी विचारावा. डेन्व्हरच्या दिवाळी मेळाव्यात माझे जुने वरिष्ठ दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी म्हणतात, "आपण खोटे काहीच लिहिले नव्हते." ते बरोबर आहे. त्या शेतातले एक ढेकूळ माझ्याकडे डब्यात ठेवलेले आहे, आणि दोनदा मी ते मेळाव्याला घेऊनही गेलो. ग्लासात टाकून पाहायला ते अजून तयार झालेले नाहीत.