वाचक विचारतात: डोळ्यातलं पाणी आणि नाकाची नळी

यावेळी गंमत अशी झाली की पाच प्रश्न आले, वरवर पाहिलं तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण त्यातले तीन फिरून फिरून एकाच नळीपाशी येतात. म्हणून सुरुवात सहावीतल्या मुलीच्या प्रश्नाने करते, पुढच्यांना त्याचाच आधार लागणारे.

प्रश्न: सर्दी नसली तरी रडायला लागलं की नाक का गळतं? आई म्हणते नाटकं करतेस. (विद्यार्थिनी, मिरज)

नाटकं नाहीयेत, हे आईला वाचून दाखव! अश्रू तयार होतात भुवईच्या शेपटाखाली, वरच्या पापणीच्या आत बाहेरच्या बाजूला, तिथे साधारण बदामाएवढी ग्रंथी असते. आणि पाण्याचा निचरा होतो बरोबर उलट्या टोकाला, नाकाकडच्या कोपऱ्यात. आता आरशासमोर जा, खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढ, कोपऱ्यात जो गुलाबी मांसल ठिपका असतो त्याच्या जरा अलीकडे पापणीच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच एक, म्हणजे दोन्ही डोळ्यांची मिळून चार. या भोकांतून पाणी बारीक नळ्यांनी नाकाच्या मुळाशी असलेल्या अश्रुपिशवीत जातं आणि तिथून दीडेक सेंटीमीटर लांबीच्या नळीने थेट नाकात. पापणी मिटली-उघडली की हा सगळा भाग पंपासारखा चालतो. एरवी पाणी इतकं थोडं असतं की काही कळतच नाही, रडताना मात्र लोंढाच येतो, मोरीला झेपेल तेवढं नाकात उतरतं आणि बाकीचं गालावर. कांदा चिरतानाही हेच. (कांद्यातला तो झोंबणारा वायू बनवणारं खास एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं, तोवर आपण नुसतेच रडत होतो.)

प्रश्न: बाळ ४ महिन्यांचं आहे, डावा डोळा पहिल्यापासून पाणावलेला असतो, सकाळी पापण्या चिकटतात. सासूबाई म्हणतात काजळ घाल, शेजारच्या काकू म्हणतात अंगावरचं दूध घाल. काय करू? (एक आई, बार्शी)

दोन्ही नको. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा माझ्याकडे.

वरच्या उत्तरातली नळी आठवा. तिच्या नाकातल्या टोकाला एक पातळ पडदा असतो, तो जन्माच्या आसपास उघडतो, काही बाळांचा उघडायला उशीर करतो. मग पाणी खाली जात नाही, पिशवीत साचतं, साचलेल्या पाण्याचं जे होतं तेच होतं आणि सकाळी चिपडं. माझ्या स्वतःच्या मुलाला होतं हे, मी डोळ्यांची डॉक्टर असूनही पहिल्या दिवशी घाबरले होते, तेव्हा तुमचं मी समजू शकते. बहुतेक बाळांचा पडदा पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप उघडतो.

तोवर मसाज, पण तो नीट करायला हवा. बऱ्याच आया नुसतं नाकावरून बोट फिरवतात, त्याने काही होत नाही. नख कापा, हात धुवा, करंगळीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नाकाच्या हाडाला टेकवा, थोडं आत दाबा आणि दाब तसाच ठेवून नाकाच्या कडेने खाली आणा. चोळायचं नाही, पिचकारी मारल्यासारखं पाणी खाली ढकलायचं, त्या धक्क्याने पडदा फुटावा म्हणून. एका वेळी ५ ते १० वेळा, दिवसातून ३-४ वेळा. आधी एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवा. चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा. अँटिबायोटिकचे ड्रॉप्स चिपडं कमी करतात, पडदा उघडत नाहीत, म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणत बसू नका. वर्षभरात नाहीच उघडला तर थोडी भूल देऊन बारीक बोथट तार घालून मोकळा करतात, प्रोबिंग म्हणतात त्याला, काही मिनिटांचं काम असतं.

पण नाकाच्या बाजूला लाल सूज आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि बाळ उजेडाकडे डोळे मिटून घेतंय, बुबुळ ढगाळ किंवा जास्तच मोठं दिसतंय असं असेल तर ती नळीची भानगड नसून जन्मजात काचबिंदू असू शकतो, तिथे मसाज करत थांबायचं नाही. काजळाने डोळे मोठे होतात म्हणतात ना, बाळाचं बुबुळ जन्मतःच १० मिलिमीटरच्या आसपास असतं, मोठ्या माणसाचं साडेअकरा-बारा, म्हणजे मोठं व्हायला फारसं उरलेलंच नसतं. आणि काही काजळांत, सुरम्यात शिसं सापडतं ते वेगळंच.

प्रश्न: काचबिंदूचे थेंब टाकले की थोड्या वेळाने घशात कडू लागतं. एक थेंब वाया जातो म्हणून मी दोन टाकतो, चालेल ना? (काका, सातारा)

काका, कडू लागतंय म्हणजे तुमची नळी छान मोकळी आहे! पण दोन थेंब टाकू नका. डोळ्यात जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास पाणी मावतं आणि बाटलीचा एक थेंबच साधारण ३० ते ५० चा असतो, म्हणजे एकच थेंब सांडतोय, दुसरा तर सरळ गालावर किंवा घशात, पैसे पाण्यात.

कडू चवीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे नाकाच्या आतल्या अस्तरातून औषध रक्तात जातं. टिमोलॉल असलेले ड्रॉप्स असतील आणि तुम्हाला दमा किंवा नाडी मंद असण्याचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना सांगितलंय का ते आधी आठवा, नसेल तर आजच फोन करा. ड्रॉप्स मात्र आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. थेंब टाकला की डोळा मिटून आतला कोपरा बोटाने २-३ मिनिटं दाबून धरा, मोरीला बोळा घातल्यासारखं. औषध डोळ्यात राहतं, घसा कडू होत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या.

प्रश्न: ऑफिसात डोळ्यातून घळाघळा पाणी येतं आणि डॉक्टर म्हणाले डोळे कोरडे आहेत! चेष्टा करतायत का? (हिंजवडी)

नाही रे, बरोबर सांगितलंय. डोळ्यावरचं पाणी नुसतं पाणी नसतं, खाली चिकट थर, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ तवंग. हे तेल पापण्यांच्या कडेला रांगेने असलेल्या ग्रंथींमधून येतं, माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांचंच नाव पडलं. तवंग नीट नसेल तर पाणी भराभर उडून जातं, बुबुळ कोरडं पडतं, झोंबतं, आणि ते झोंबणं ऐकून वरची मोठी ग्रंथी घाबरून बादलीभर पाणी सोडते. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, मिटल्या तरी अर्धवट, त्यात एसीचा झोत तोंडावर. झोताची दिशा बदल, स्क्रीन नजरेच्या जरा खाली घे, आणि रोज ५-१० मिनिटं कोमट ओल्या फडक्याने मिटलेल्या पापण्या शेक, म्हणजे घट्ट झालेलं तेल वितळतं. यातलीच एखादी ग्रंथी तुंबली की पापणीत न दुखणारी गाठ येते. दुखरी, लाल रांजणवाडी वेगळी, ती बहुतेकदा केसाच्या मुळाशी होते. शेक दोन्हींना चालतो, लसूण घासणं कशालाच नाही, आणि फोडायची तर अजिबात नाही.

प्रश्न: कॉन्टॅक्ट लेन्स सरकून डोळ्याच्या मागे मेंदूकडे गेली तर? (कॉलेजकन्या, कोल्हापूर)

जाऊच शकत नाही. पापणीच्या आतलं पातळ आवरण वर दुमडून बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर येतं, तो बंद खिसा असतो, मागे दारच नाही. हरवलेली लेन्स बहुतेक वेळा वरच्या पापणीखाली घडी होऊन बसलेली असते. घाबरून नखाने उकरू नकोस. लुब्रिकंट ड्रॉप्स टाक, खाली बघ, मिटलेल्या वरच्या पापणीवरून हलका मसाज कर. तरी आली नाही तर आमच्याकडे ये, पापणी उलटवून काढायला अर्धा मिनिट लागतो. आणि त्याआधी एकदा वॉशबेसिनमध्ये बघ, निम्म्या वेळा तिथेच असते.