जुन्या सुमोचा डिझेल फिल्टर

जुनी सुमो घेतलीस ना? मग मागच्या मालकाने फिल्टर कधी बदलला हे विचारत बसू नकोस, सरळ नवा टाक. पाणी डिझेलपेक्षा जड, ते फिल्टरच्या तळाशी साचतं. अधूनमधून खालचा ड्रेन स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत जा. पावसाळ्यात जरा लवकर लवकर.

नवा फिल्टर बसवल्यावर खरी कटकट डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेल्या हवेची. ती हवा बाहेर सोडायचा ब्लीड स्क्रू ढिला कर, डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबले की पंप मारता मारताच स्क्रू आवळ. मी पहिल्यांदा हे न करताच सेल्फ मारत बसलो. बॅटरी उतरली, शेजाऱ्यांनी धक्का मारला, तरी इंजिन ढिम्म!

आणि हो, जुनं रबरी सील वर चिकटून राहिलं नाही ना, तेही बघ.