कासच्या फुलांच्या पठारावर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताय? एवढंच सांभाळा

नवीन लेन्सचा विचार आत्ता नकोच, हाताशी आहे ती पुरेशी आहे. सप्टेंबरात सकाळी लवकर पोहोचा; ढगाळ उजेडात फुलांचे रंग फार सुंदर येतात.

- फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला सगळा तपशील जपणाऱ्या फाइलमध्ये काढा. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या छोट्या केलेल्या फाइलमध्ये गेलेला तपशील नंतर परत मिळवता येत नाही.
- धुक्यात कॅमेरा सगळंच करडं करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा याची सेटिंग) +०.७ ते +१ ठेवून बघा.
- सीतेची आसवं ही फुलं इवलीशी असतात. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणा, पण पायवाटेवरूनच. फोटोसाठी कुंपण ओलांडून फुलं तुडवणारे पाहिले की जीव तुटतो. कृपा करून तसं करू नका.

एडिटिंगमध्ये बहुतेक नवखे सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) ताणतात. तेरड्याचा गुलाबी आधीच गडद असतो. आणखी वाढवला की पाकळ्यांच्या शिरा पुसल्या जाऊन नुसता रंगाचा डाग उरतो. आधी व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळट-निळसरपणा) नीट करा, मग हायलाइट्स (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) खाली, आणि गरज वाटलीच तर थोडं व्हायब्रन्स, म्हणजे मुख्यतः फिके रंग खुलवणारी सेटिंग. मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच एडिट करणं), फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणं) पुढच्या हंगामात बघू.

आल्यावर दोन-तीन फोटो नक्की दाखवा, एडिट न केलेलेसुद्धा.