बोटॉक्सनंतर एक पापणी खाली आली आहे, घरात लग्न तोंडावर. नाशिकमध्ये काय उपाय होईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स (स्नायू काही काळ ढिला करणारं इंजेक्शन) घेतलं, आठवडाभरात डावी पापणी खाली आली, पुतणीचं लग्न तीन आठवड्यांवर आहे आणि जिथे इंजेक्शन घेतलं तिथे 'मसाज करा, गरम शेक द्या' एवढंच सांगतात. मी नाशिकमध्येच एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि डोळे तपासायचं काम करते ती व्यक्ती. डॉक्टर नाही, म्हणून औषध लिहून देणार नाही. पण अशा पापण्या मोजायचं काम आमच्याकडे माझंच असतं.

मसाज आधी बंद करा. इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही तासांत चोळलं तर औषध नको तिकडे पसरू शकतं, आणि आता आठवड्यानंतर ते मज्जातंतूच्या टोकांत जाऊन बसलंय. चोळून किंवा शेकून ते बाहेर येत नाही.

आता महत्त्वाचं. खाली नक्की काय आलंय, पापणी की भुवई? बायका येऊन सांगतात 'पापणी पडली', आणि बघावं तर पापणी जागच्या जागी असते, वरची भुवई खचलेली असते. घरी बघायचं तर आरशासमोर उजेडात बसा, कपाळ सैल सोडा आणि सरळ समोर बघा. पापणीची कड, म्हणजे जिथून पापण्यांचे केस निघतात ती रेघ, डाव्या डोळ्याच्या काळ्या भागावर उजव्यापेक्षा जास्त खाली आली असेल तर ती पापणी. कड दोन्हीकडे सारखी, पण वरची कातडी जड होऊन तिच्यावर लोंबतेय आणि बोटाने भुवई थोडी उचलली की डोळा मोकळा वाटतो, तर ती भुवई. आम्ही दवाखान्यात बॅटरीचा उजेड डोळ्यावर पाडतो, बाहुलीत जो पांढरा ठिपका चमकतो तिथून वरच्या कडेपर्यंतचं अंतर साध्या प्लास्टिकच्या पट्टीने मोजतो. साधारण चार-पाच मिलिमीटर असतं. मग भुवई अंगठ्याने दाबून धरून 'खाली बघा, आता वर बघा' म्हणतो, म्हणजे कपाळाची मदत न घेता पापणी स्वतः किती उचलली जाते ते कळतं. तुमचे वर्षभरापूर्वीचे दोन-चार फोटो सोबत न्या. कधी कधी पापणी आधीपासूनच थोडी खाली असते, इंजेक्शनमुळे फक्त लक्षात येते.

हा फरक एवढ्यासाठी, की पापणी उचलायला डोळ्यात घालायचं थेंबांचं औषध असतं, ते पापणीलाच लागू पडतं, भुवईला नाही.

पापणी उचलणारा मुख्य स्नायू एक आणि त्याच्या मागे लागून दुसरा छोटा, म्युलरचा स्नायू. आठ्यांसाठी टोचलेलं औषध खाली झिरपून मोठ्या स्नायूपर्यंत पोचलं की तो ढिला पडतो. छोटा स्नायू मात्र वेगळ्या रसायनाच्या इशाऱ्यावर चालतो, त्याला या औषधाची तेवढी झळ लागत नाही. म्हणून थेंबांनी त्याला चेतवायचं. मोठा बैल बसला की धाकट्यावर गाडी ओढायची, तसलाच प्रकार. अ‍ॅप्राक्लोनिडीन ०.५ टक्के हे त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं औषध, सहसा दिवसातून तीन वेळा. ते न मिळाल्यास डॉक्टर त्याच जातीचं दुसरं देतात. अमेरिकेत २०२० साली ऑक्सिमेटाझोलिन ०.१ टक्क्याच्या थेंबांना खाली आलेल्या पापणीसाठी मान्यता मिळाली. (ऑक्सिमेटाझोलिन नाकाच्या थेंबांतही असतं. म्हणून ते नाकाचे थेंब डोळ्यात घालू नका. हे सांगावं लागतं, कारण करणारे भेटलेत.)

मिळतं किती, तर एक ते दोन मिलिमीटर, तेही काही तास. ऐकायला फुटकळ वाटेल, पण चार मिलिमीटरांतले दोन गेले की माणूस झोपेतून उठल्यासारखा दिसतो आणि तेवढे परत आले की समोरच्याला कळतही नाही. बीपी, हृदयविकार, काचबिंदू, नैराश्याच्या गोळ्या यांपैकी काही असेल तर डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा. डोळा लाल होणं, कोरडा पडणं, खाजणं हे थेंबांमुळे होऊ शकतं. म्हणून लग्नाच्या आधी आठवडाभर तरी वापरून बघा, हळदीच्या दिवशी पहिल्यांदा बाटली उघडू नका.

भुवई खचली असेल तर मुख्यतः वाट बघणं. भुवई खाली ओढणाऱ्या स्नायूत अगदी थोडं बोटॉक्स देऊन ती जरा उचलता येते, पण ते डोळ्याभोवतीचं शरीरशास्त्र पक्कं माहीत असलेल्या माणसाचं काम. ज्याच्या हातून हे झालं त्याच्याकडून घाईत आणखी एक सुई घ्यावी, असं मी माझ्या बहिणीला तरी सांगणार नाही.

'बोटॉक्स उतरवायचं इंजेक्शन देतो' असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका. फिलर (कातडीखाली भरायचं जेल) विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते फिलरसाठी. बोटॉक्सला असा उतारा नाही. नसेची टोकं पुन्हा कामाला लागतात तेव्हाच स्नायू जागा होतो. मात्र पापणीपर्यंत औषध थोडंच पोचलेलं असतं, त्यामुळे आठ्यांवरचा परिणाम तीन-चार महिने राहिला तरी पापणी बहुतेकांची दोन ते सहा आठवड्यांत वर येते. पुतणीच्या लग्नापर्यंत बरीचशी सुधारणा दिसण्याची शक्यता चांगली आहे. क्वचित याहून जास्त लांबतं.

काही गोष्टींसाठी मात्र थांबायचं नाही. एकाच्या दोन वस्तू दिसणं, दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या असणं, अचानक जबर डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास. यातलं काहीही असेल तर रात्री दोन वाजता असलं तरी इमर्जन्सीत जा. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी जास्त पडते असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यामागे वेगळा आजार असू शकतो. पापणी बाहुलीवर येत असेल तर मुंबई नाक्याच्या गर्दीत स्कूटर घालू नका.

कुठे जायचं, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे, स्किनवाल्यांकडे नंतर. गंगापूर रोड, शरणपूर रोड, कॉलेज रोड भागात डोळ्यांचे दवाखाने भरपूर आहेत. फोनवर विचारा, 'पापण्यांचं काम बघणारे ऑक्युलोप्लास्टी सर्जन कधी असतात?' खर्चाचा प्रश्न असेल तर त्र्यंबक नाक्याजवळ सिव्हिलमध्ये केसपेपर काढून डोळ्यांच्या ओपीडीत दाखवा. बोटॉक्स हे औषध मुळात डोळ्यांच्याच डॉक्टरांचं. तिरळेपणा आणि पापण्या घट्ट मिटण्याच्या आजारासाठी अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली, आठ्यांसाठी २००२ साली. पापण्यांच्या त्या आजारासाठी आमच्याकडेही ते देतात आणि तिथेही कधी कधी पापणी खाली येते, म्हणून या डॉक्टरांना ते बघून दचकायला होत नाही.

जाण्याआधी जिथे इंजेक्शन घेतलं तिथून लिहून घ्या: औषधाचा ब्रँड, तारीख, किती युनिट आणि कुठे कुठे टोचलं. हे मागणं तुमचा हक्क आहे. द्यायला टाळाटाळ केली तर पुन्हा त्या खुर्चीत बसायचं की नाही हे तिथेच ठरवून टाका.