प्रवासात विणायला घेताना

पहिलंच विणकाम गाडीत न्यायचं असेल तर साधा मफलर घ्या, जाळीची नक्षी घरीच राहू द्या. धक्क्यात जाळीतला एक वेढा निसटला की चार-चार ओळी उसवाव्या लागतात.

सुई घेताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. आपल्याकडे बहुधा जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात 8 नंबर म्हणजे 4 मिमी, आणि नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकी नमुन्यातली 8 नंबरची सुई मात्र 5 मिमीची! ही गफलत झाली की स्वेटर आखूड होतो आणि बोल लागतो लोकरीला.

दमट हवेत बाळाच्या झबल्याला सुती धागा उत्तम, पण सुताला लवचीकपणा नसतो, काठ लोंबतो. म्हणून काठापुरती एक नंबर बारीक सुई घ्या. मेरिनो लोकर फार मऊ, पण गरम पाण्यात चोळली की आटून नमदाच होतो. धाग्याच्या सगळ्या गुंड्यांचा रंगाचा लॉट (एकाच वेळी रंगवलेला माल) एकच आहे ना, हे दुकानातच तपासा.

आधी 30 टाक्यांचा तुकडा विणा, धुवा, वाळवा, मग मधल्या 10 सेमीत किती टाके भरतात ते मोजा. कंटाळा येतो खरा, पण नमुन्यात सांगितलेल्या 22 ऐवजी 24 टाके भरले तर 110 टाक्यांची 50 सेमी रुंदी जेमतेम 46 उरते.

टाका सुटला तर सुई ओढू नका. सुलट बाजूने क्रोशाची सुई त्या टाक्यात घाला, वरचा आडवा धागा पकडून त्यातून ओढा. अशी एकेक पायरी चढत टाका परत सुईवर घ्या.